बाणावर शब्द लिहा

करीम सरांशी बोलताना जपून बोलावं, हा धडा मी शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात शिकले. स्टाफरूममध्ये खिडकीबाहेर पाहत मी सहज म्हटलं होतं की आज आभाळ आलंय, म्हणून मुलं कमी आली वाटतं. अशा बोलण्याला कोणीही भला माणूस "हो ना" म्हणतो आणि आपलं वर्तमानपत्र वाचतो. सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती टेबलाच्या कडेला बरोबर लावून ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आभाळ आलं, हे खरं मॅडम. पोरं कमी आहेत, हेही खरं. मधातलं 'म्हणून' कोणं आणलं?"

मी नवी होते.  बाकीचे शिक्षक वहीत तोंड खुपसून हसत होते, कारण या वाटेनं ते सगळे आधीच जाऊन आले होते. मधल्या सुट्टीत कळलं की त्या दिवशी गावचा बाजार होता आणि बाजारच्या दिवशी मुलं कमीच येतात. मला वाटलं, आता सर विजयी चेहऱ्यानं ते सांगतील. तेही नाही. म्हणाले, "बाजारही होता." एवढंच बोलून ते तासाला निघून गेले. म्हणजे माझं कारण काढून घेतलं आणि बदल्यात दुसरं काही दिलं नाही. पुढची सगळी वर्षं माझं आणि त्यांचं हेच चाललं.

शेख करीम हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे डोणगावचे. घरचं किराणा दुकान भाऊ सांभाळायचे आणि हे आमच्या अमडापूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आठवडाभर गावात खोली करून राहायचे, शनिवारी शाळा सुटली की डोणगावची वाट धरायचे. उंच, किडकिडीत, खिशाला एक निळं पेन आणि एक लाल. लाल पेन फक्त बाणांसाठी. आवाज कधी चढायचा नाही. माणूस ओरडला तर समोरच्याला भांडता तरी येतं. सर शांतपणे एक प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट पाहत बसायचे. त्यांच्यासारखी वाट पाहणारा माणूस मी पाहिला नाही. फाटकाशी बांधलेलं जनावरसुद्धा एवढा वेळ एका जागी उभं राहत नाही.

त्यांचं सगळं वेड बाणांचं. कुठं बाण दिसला की ते थांबत. एकदा सहलीहून येताना एका बसस्टँडवर आम्ही उतरलो. भिंतीवर "प्रसाधनगृह" लिहून बाण काढलेला, आणि बाणाच्या टोकाला दुसरी भिंत. मुलींना घाई, मला त्याहून घाई, आणि सर कंट्रोलरच्या खिडकीशी उभे राहून विचारत होते की हा बाण भिंतीच्या पलीकडे न्यायचा आहे की वळून जायचं आहे. कंट्रोलर म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे कुठं आहे ते. सर म्हणाले, "मंग बाण कोणासाठी काढला?" त्यावर त्या माणसानं खिडकी लावून घेतली. मी मुलींना घेऊन बाईमाणसांना विचारत विचारत जाऊन आले, तरी सर तिथंच.

मग शाळेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यासोबत ते आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर आलं. आगीत तेल म्हणतात ते हेच. पडद्यावर चौकट काढायची, तिच्यात शब्द लिहायचा, दुसरी चौकट काढायची, दोघींमध्ये बाण ओढायचा. धडा समजावायला फार छान सोय. तालुक्याला आमचं प्रशिक्षण होतं. पुण्याहून आलेला तरुण प्रशिक्षक हसतमुख होता. त्यानं "पाऊस" अशी चौकट काढली, "शेती" अशी काढली, मधे बाण ओढला आणि म्हणाला, पाहा, संबंध दाखवून झाला. पहिल्या रांगेतून करीम सरांचा हात वर गेला.

"कोणता संबंध?"

प्रशिक्षक म्हणाला, पावसाचा आणि शेतीचा. सर म्हणाले, तो तर चौकटींनीच सांगितला. बाण काय सांगून राह्यला? पावसानं शेती पिकते का बुडते? दोन्हीले हाच बाण का? प्रशिक्षकानं बाण जाड करून दाखवला. मग निळा केला. मग तुटक केला. प्रत्येक वेळी सर मान हलवून म्हणायचे, दिसते छान, पण म्हणते काय? जेवणाची वेळ झाली तरी पाऊस शेतीपर्यंत पोचला नव्हता. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, अमडापूरचे मास्तर हे असेच का हो सगळे? त्या पुण्याच्या पोराच्या कानाला आमची बोली आधीच टोचत होती, त्यात हा माणूस. शेवटी वैतागून त्यानं बाणावर "मुळे" असं लिहिलं. सरांचा चेहरा उजळला. म्हणाले, आता बरोबर आहे का चूक ते तरी पाहता येते.

तेव्हापासून त्यांचा नियमच झाला. बाणावर शब्द लिहा. नुसता बाण चालणार नाही. आणि कोणी शब्द लिहिला तर पुढचा प्रश्न, खाली नाव कोणाचं? ते म्हणायचे की दोन चौकटी जवळ ठेवणं ही नुसती खबर असते, पण बाण काढला की तो दावा होतो, आणि दावा करणाऱ्यानं सही करावी. मुलांच्या वह्यांत, स्नेहसंमेलनाच्या नियोजनात, हेडसरांच्या वार्षिक आराखड्यात, सगळीकडे लाल पेनानं बाणाच्या पोटाशी प्रश्नचिन्ह. हेडसर एकदा मला म्हणाले, या माणसानं माझ्या आराखड्याला गोवर आणला.

आता हे शाळेपुरतं राहिलं असतं तर मी कशाला लिहिलं असतं? त्यांनी माझं सासरही सोडलं नाही. माझ्या धाकट्या दिराचं लग्न होतं. आमच्याकडे पंगतीत कोणाशेजारी कोण बसणार यावरून पिढ्यान्‌पिढ्या रुसवे चालतात. मी स्टाफरूममध्ये कपाळाला हात लावून बसले होते, तर सर म्हणाले, सोपं आहे, मांडून पाहू. मांडण्यात काय जातं, असं मलाही वाटलं. मी नावं सांगत गेले, सर चौकटी काढत गेले. चुलतसासरे आणि मामेसासरे यांच्यामध्ये बाण आला तशी बोटं थांबली. काय लिहू? मी म्हटलं, लिहा, बोलत नाहीत. काऊन बोलत नाहीत? मी म्हटलं, बैलावरून काही तरी झालं होतं. त्यांनी लाल अक्षरात लिहिलं, "बोलत नाहीत, बैलामुळे." आणि नियमाप्रमाणे खाली माझं नाव.

ती आकृती त्यांनी मला मोबाईलवर पाठवली. मी ती नवऱ्याला पाठवली. नवऱ्यानं ती जेवणवाल्याला पाठवायच्या ऐवजी घरच्या ग्रुपवर टाकली. आमच्या घरचा ग्रुप म्हणजे सिंदखेडराजापासून जळगाव जामोदपर्यंत पसरलेली माणसं. चहा गार व्हायच्या आत सगळ्या जिल्ह्याला कळलं की माझ्या सहीनिशी कोण कोणाशी का बोलत नाही.

मी तो दिवस आणि त्यानंतरचा आठवडा कसा काढला ते मलाच ठाऊक. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं, म्हणजे सरांच्या आकृतीत आणखी एक बाण वाढला. आणि मग मामेसासऱ्यांनी चुलतसासऱ्यांना फोन केला, किती तरी वर्षांनी. म्हणाले, बैल काऊन लिहिलं त्या बाईनं? आपलं तर शेताच्या धुऱ्यावरून झालं होतं. चुलतसासरे म्हणाले, मी तेच म्हणून राह्यलो, बैलाचा काय संबंध? दोघांचं या गोष्टीवर एकमत झालं की सूनबाई अडाणी आहे. लग्नात दोघं शेजारी बसून जेवले आणि दोघांनी मिळून माझ्याकडे पाहून माना हलवल्या. मी हे सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं की ते खजील तरी होतील नाही तर खूश तरी होतील. ते म्हणाले, "म्हणूनच शब्द लिहायचा मॅडम. चुकीचा असला तर लोक दुरुस्त करतात. कोरा बाण कोण दुरुस्त करणार?" मी त्या दिवशी डबा त्यांच्यासमोर न उघडता वर्गात जाऊन खाल्ला.

एवढं सांगून आता मी त्या प्रसंगाकडे येते, ज्यासाठी हे सगळं सांगायचं होतं. कौसल्याबाई आमच्या शाळेची खिचडी शिजवायच्या. नवरा गेलेला, मुलगी नर्सिंगला शिकायला घातलेली, आणि सगळा आधार या एका कामाचा. मुलं त्यांना मावशी म्हणत. हात सढळ आणि तोंड त्याहून सढळ. करीम सरांशी त्यांचं विशेष जमायचं, कारण सरांना खिचडीची खरवड फार आवडायची. पातेल्याच्या तळाची ती तांबूस, करकरीत खरवड कौसल्याबाई उलथन्यानं सोडवायच्या आणि वाटीत घालून स्टाफरूमच्या खिडकीतून आत सरकवायच्या. खरवडीबद्दल सरांनी कधी एकही प्रश्न विचारला नाही.

एका दुपारी सहावी-सातवीची बरीच मुलं एकामागून एक उलट्या करू लागली. गावात जीपा फिरल्या, मुलांना दवाखान्यात नेलं, आयांनी आकांत मांडला. देवाची कृपा, संध्याकाळपर्यंत सगळी मुलं घरी येऊन हसायखेळायलाही लागली. पण भीती उतरली की माणसाला राग चढतो, आणि राग कोणावर तरी काढावाच लागतो. खिचडीचा नमुना तपासायला गेला. त्याचं काय झालं ते आमच्यापर्यंत कधी पोचलं नाही. हेडसरांना मात्र दोन-तीन दिवसांत वर अहवाल द्यायचा होता. त्यांनी कॉम्प्युटरच्या इंगळे सरांना सांगितलं, घडलं ते आकृतीत मांडून द्या, साहेबांना एका नजरेत कळलं पाहिजे.

इंगळे सर साधा, कामसू माणूस. त्यांनी चौकटी काढल्या. प्रार्थना, वर्ग, पोषण आहार, मधली सुट्टी, उलट्या. आकृती छापून निघाली तेव्हा "पोषण आहार" या चौकटीतून एक ठळक बाण निघून "उलट्या" या चौकटीत गेला होता. तो कागद हेडसरांच्या टेबलावर पडला, तिथून कोणाच्या तरी मोबाईलमध्ये गेला, आणि संध्याकाळी पानटपरीवर लोक म्हणत होते की खिचडीनंच झालं, कॉम्प्युटरनं काढलं. माणसानं म्हटलं असतं तर दोघांनी वाद घातला असता. कॉम्प्युटरशी कोण वाद घालणार? कौसल्याबाईंच्या दारात दोन आया जाऊन नको ते बोलून आल्या. शाळा समितीच्या अध्यक्षांच्या भावजयीचा बचत गट या कामावर आधीपासून डोळा ठेवून होता. अध्यक्षांनी बैठक बोलावली. तिच्यात काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं.

बैठकीआधीच्या दोन दिवसांत सर दिसायचे ते रस्त्यावरच. ते कौसल्याबाईंच्या घरी गेले. मुलांच्या घरोघर गेले. शाळेच्या फाटकाशी बर्फाचा गोळा विकणारा एक म्हातारा उभा असायचा, त्याच्याकडेही गेले. मला कळलं होतं की आजारी पडलेल्या पुष्कळ मुलांनी मधल्या सुट्टीत गोळा खाल्ला होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी सरांना गाठून म्हटलं की झालं काम, बैठकीत गोळ्यापासून उलट्यांपर्यंत बाण काढा, कौसल्याबाई सुटतात. सर म्हणाले, गोळा न खाल्लेल्या पोरांलेही झालं मॅडम. मी म्हटलं, थोड्यांना. ते म्हणाले, थोड्यांले तर थोड्यांले. मी म्हटलं, अहो, एका बाईचं पोट आहे. ते म्हणाले, गोळेवाल्यालेही पोट आहेच. एवढं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. मी रागानं पाय आपटत निघून आले.

बैठक कॉम्प्युटर खोलीत झाली, भरदुपारी. अध्यक्ष, समितीचे लोक, आम्ही शिक्षक. कौसल्याबाई दाराबाहेर पदर तोंडाशी धरून उभ्या. अध्यक्ष म्हणाले, यात बोलण्यासारखं काही नाही, आकृती सगळ्यांनी पाहिलीच आहे. करीम सर उठले, म्हणाले, मलेही एकदा पाहू द्या, मोठ्या पडद्यावर.

आकृती पडद्यावर आली. सरांनी इंगळे सरांना विचारलं, हा बाण तुम्ही काढला का? इंगळे सर गोंधळले. म्हणाले, मी चौकटी काढल्या सर, बाण... आला असेल. सरांनी तो बाण खोडला. "उलट्या" ही चौकट माऊसनं धरली आणि दूर कोपऱ्यात नेली. मग तिला हळूहळू सरकवत "प्रार्थना" या चौकटीजवळ आणली. पुरेशी जवळ आल्याबरोबर प्रार्थनेतून आपोआप एक बाण निघाला आणि उलट्यांना चिकटला. खोलीत कुजबुज झाली. सरांनी एक नवी चौकट काढली, तिच्यात "अध्यक्ष" असं लिहिलं, आणि "उलट्या" तिच्याकडे सरकवल्या. टुणकन बाण आला.

"पाहा साहेब, आता तुमच्यामुळं झालं," सर म्हणाले. "हे सॉफ्टवेअर आपल्या गावासारखं आहे. दोन गोष्टी जवळ दिसल्या की जोडून टाकते."

मागं कोणी तरी फस्‌कन हसलं. मी इतकी वर्षं मुलांना कावळा बसायला आणि फांदी तुटायला ही म्हण शिकवत होते. ती म्हण पहिल्यांदाच मला डोळ्यांनी दिसली. मला वाटलं, जिंकलो. आता फक्त गोळ्याची चौकट काढायची. पण अध्यक्ष कसलेले होते. ते म्हणाले, ठीक आहे मास्तर, खिचडीनं नाही झालं, मग कशानं झालं ते सांगा. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. मी तर डोळ्यांनी खुणा करून करून थकले. फाटकाकडे बोटसुद्धा दाखवलं.

सर म्हणाले, "मले माहीत नाही."

त्या क्षणी माझ्या हातात डस्टर असता तर मी तो फेकला असता. खरंच सांगते. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? त्यांनी "पोषण आहार" ही चौकट पुन्हा उलट्यांजवळ आणून ठेवली आणि आपोआप आलेला बाण खोडला. अध्यक्ष म्हणाले, पाहा, मास्तरच ठेवून राह्यले. सर म्हणाले, जवळ ठेवतो, कारण पोरांनी त्या दिवशी खिचडी खाल्ली हे खरं आहे. गोळाही ठेवतो, पाण्याची टाकीही ठेवतो. बाण एकही काढत नाही. ज्याले काढायचा असेल त्यानं बाणावर शब्द सांगावा. मी लिहितो. शब्दाखाली त्याचं नावही लिहितो, आणि अहवाल तसाच वर जाईल.

आणि ते वाट पाहू लागले. पंखा फिरत होता. अध्यक्षांनी आधी "संशय" असा शब्द सांगितला. सरांनी बाण काढून त्यावर तो टाइप केला आणि विचारलं, नाव कोणाचं? अध्यक्षांनी समितीच्या सदस्याकडे पाहिलं, सदस्यानं हेडसरांकडे, हेडसरांनी पंख्याकडे. बाहेर मुलांचा पाढ्यांचा आवाज येत होता. सर उभेच. मला घाम फुटला होता, आणि तो त्यांच्यासाठी की कौसल्याबाईंसाठी ते मला सांगता येणार नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, राहू द्या आता, बाईंना काम करू द्या, पाणी उकळून घेत जा, टाकी धुऊन घ्या, आणि गोळेवाल्याला फाटकापासून लांब उभं करा. सरांनी "संशय" हा शब्द खोडला, मग बाण खोडला. चौकटी तशाच राहू दिल्या.

कौसल्याबाईंचं काम वाचलं. मी धावत बाहेर जाऊन त्यांना मिठी मारणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले.

"करीम सरनं माह्यासाठी एक शब्द टाकला नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "माह्या खिचडीत काई नोतं, एवढं म्हनाले असते तर काय बिघडत होतं? बाण खोडला, पन माही खिचडी तिथंच ठेवली ना."

मी हे सरांना जाऊन सांगितलं, चांगलं फणकाऱ्यानं सांगितलं. म्हटलं, माणुसकी म्हणून तरी बोलायचं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, खिचडीत काही नव्हतं हे मले माहीत असतं तर ओरडून सांगितलं असतं. आज मी न पाहता तिच्या बाजूनं बोललो, तर उद्या कोणी न पाहता तिच्या विरुद्ध बोलला त्याले मी कोण्या तोंडानं अडवू? बिनतोड होतं. त्यानं माझा राग आणखी वाढला. बरोबर असणाऱ्या माणसावर रागावण्यासारखा दुसरा त्रास नाही.

खरवड बंद झाली. दुसऱ्या दिवशी खिडकीतून वाटी आली नाही. कौसल्याबाई तळ खरवडून ती शिपायाला देऊ लागल्या, तीही स्टाफरूमच्या समोर उभं राहून. सर खिडकीकडे एकदा पाहायचे आणि डबा उघडायचे. मी एकदा म्हटलं, जाऊन दोन शब्द बोला ना तिच्याशी, इतकं काय? ते म्हणाले, ती रागावली आहे आणि कारणही तिनं सांगितलं आहे. तिच्या बाणावर शब्द आहे. त्याले मी काय म्हणू? अशा माणसाचं काय करायचं सांगा. पुढं ते निवृत्त होईपर्यंत ती वाटी आली नाही. दोघं फाटकात समोरासमोर आले तर सर सलाम करायचे, आणि बाई पातेलं या हातातून त्या हातात घ्यायच्या.

सरांच्या निरोपाचा दिवस आला. इंगळे सरांनी हौसेनं फ्लेक्स करून आणला. मधोमध सरांचा फोटो, भोवती आम्हा सगळ्यांची नावं चौकटींत, आणि सगळ्या चौकटींपासून सरांपर्यंत रंगीत बाण. सगळे कोरे. तो फ्लेक्स भिंतीवर लागला तेव्हाच मी मनात म्हटलं, आता जेवण गार होणार. तसंच झालं. हेडसरांचं भाषण संपलं, शाल-श्रीफळ झालं, सर बोलायला उठले आणि माईकपाशी न जाता फ्लेक्सपाशी गेले. खिशातून लाल पेन काढलं, पण ते फ्लेक्सवर चालेना, म्हणून मुलींकडून मार्कर मागून घेतला. आणि एकेका माणसाला विचारू लागले, ह्याच्यावर काय लिहू?

पत्रावळी मांडलेल्या, वरण-बट्टीचा वास सुटलेला, डोणगावला न्यायला आलेली गाडी फाटकात उभी, आणि हा माणूस आपल्याच निरोपात बाणांवर शब्द लिहितोय. हेडसर म्हणाले, लिहा, आदर. सरांनी विचारलं, नक्की? हेडसर हसले आणि म्हणाले, लिहा, आराखडे तपासले. इंगळे सर म्हणाले, लिहा, शिकवलं. प्रत्येकाकडून त्यांनी खाली नाव लिहून घेतलं. माझी पाळी आली.

"मॅडम, तुमच्या बाणावर?"

"वैताग," मी म्हटलं.

त्यांनी मनापासून मान डोलावली, जणू सकाळपासूनचा पहिला खरा शब्द मिळाला, आणि मोठ्या अक्षरात "वैताग" लिहिलं. मी खाली सही केली. सही करताना माझे डोळे का भरून आले ते मला माहीत आहे. पण त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं.

सगळे बाण भरले. लोक पत्रावळींकडे वळले. सर मात्र हलेनात. त्यांनी फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं जागा होती तिथं, मार्करनं आणखी एक चौकट काढली. तिच्यात "कौसल्याबाई" असं लिहिलं. इंगळे सरांनी फ्लेक्सवर शिक्षकांचीच नावं घेतली होती, हे तोपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाई मागच्या दाराशी बट्ट्यांचं टोपलं घेऊन उभ्या होत्या. सर चौकटीपाशी मार्कर टेकवून त्यांच्याकडे पाहत राहिले. बाण त्यांनी काढला नव्हता.

"बाण काढू का बाई?" त्यांनी विचारलं. "तुमी म्हणाल तरच."

 कौसल्याबाईंनी टोपलं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि पुढं आल्या. त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत पाहिला. मला वाटलं, आता या तोंड सोडणार, इतक्या वर्षांचं एकदम. मला ते हवंही होतं.

"काढा," त्या म्हणाल्या. "आन लिहा, घरी येऊन इचारलं होतं. साऱ्या गावानं सांगतलं मले, काय झालं ते. इचारायले तुमी एकटेच आलते."

सरांनी बाण काढला. शब्द लिहायला घेतले, पण बाण छोटा आणि वाक्य मोठं, म्हणून अक्षरं बारीक करत करत शेवटी ती चौकटीच्या कडेवर चढली. लिहून झाल्यावर त्यांनी मार्कर पुढं केला, आणि नियमाप्रमाणे एवढंच म्हणाले, "नाव."

कौसल्याबाईंनी मार्कर मुठीत धरला आणि भिंतीला डोकं लावल्यासारखं वाकून आपलं नाव लिहिलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. बाणावरच्या शब्दांखाली, जिथं बैठकीत कोणीही आपलं नाव लिहू दिलं नव्हतं, बरोबर तिथं. मग त्या मागं गेल्या आणि पदराखालून झाकून आणलेली वाटी काढून सरांच्या हातात दिली. निरोपाच्या जेवणाला वरण-बट्टी होती. खरवडीसाठी त्यांनी घरून वेगळी खिचडी लावून आणली होती.

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. हेडसर म्हणत होते, बसा हो आता, लोक खोळंबलेत. मी फ्लेक्स सोडवायला गेले तर सरांनी एका हातानं मला थांबवलं. दुसऱ्या हातात वाटी होती. कोपऱ्यातल्या त्या नावाची शाई अजून ओली होती, आणि ती वाळेपर्यंत त्यांनी फ्लेक्स गुंडाळू दिला नाही.